डाग पक्का करणारी इस्त्री

मी एक जुनी, कोळशाची इस्त्री आहे आणि मित्रांनो, या संग्रहालयात माझ्या काचेबाहेर जी पाटी लावली आहे ती खोटी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या सहली फार घाईत असतात. बाई पुढे हाकतात, मागचा वर्ग ढकलतो आणि तुम्ही पाटीवरच्या तीन ओळी वहीत उतरवून मोकळे होता. पहिल्या ओळीत माझं वजन आहे, ते बरोबर आहे. दुसरीत माझं वय आहे, तेही बरोबर आहे. तिसरी ओळ अशी आहे : 'एका अननुभवी कामगार महिलेच्या हातून शेजारील गणवेशाच्या बाहीवरचे डाग या इस्त्रीने चुकून पक्के झाले.' यातला 'अननुभवी' हा शब्द खोटा आणि 'चुकून' हा तर धडधडीत खोटा. तुम्ही म्हणाल, दोन शब्दांसाठी लोखंडाने एवढं तापायचं काय कारण? मग ऐकाच.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं गेलं आणि थंड झाल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने कानशीने घासून घासून माझा तळ गुळगुळीत केला. निखारे भरायला पोट, हवा खेळायला बाजूंना भोकं, वर झाकण आणि झाकणाच्या खिटीवर एक पितळी कोंबडा. मूठ शिसवी लाकडाची. मी मोठी ऐटबाज दिसत होते. मी बाहेर पडले आणि महिन्याभरात पहिलं महायुद्ध पेटलं. माझा साचा कोपऱ्यात गेला आणि त्याच भट्टीत तोफगोळे ओतले जाऊ लागले. म्हणजे माझी धाकटी भावंडं सगळी तोफगोळे निघाली. एकाच घरातली मुलं, एक कपड्यांच्या सुरकुत्या काढतं आणि बाकीची गावं जाळत फिरतात. आईबापांनी तरी काय करावं?

मला विकत घेतलं एका कपडे धुणाऱ्या बाईने. रस्त्याच्या कोपऱ्यावर तिची एक खोली होती. पुढच्या भागात इस्त्रीचं टेबल, मागे मोरी आणि वर कपडे वाळत घालायची गच्ची. युद्ध संपून दहा-एक वर्षं झाल्यावर या बाईला एक मुलगी झाली. ही माझी गोष्ट खरं म्हणजे तिचीच आहे. मुलीला चालता येऊ लागलं तेव्हापासून ती गाल फुगवून माझ्या भोकांतून निखाऱ्यांवर फुंकर घालायची आणि राखेने पांढरी होऊन हसायची. शेजाऱ्यांनी तिचं नावच 'फुंकणी' ठेवलं. पुढे लग्न झालं, लेक झाली, केस पिकले, तरी ती सगळ्यांची फुंकणीच राहिली.

दहाव्या वर्षी तिने मला पहिल्यांदा एकटीने उचललं. निखाऱ्यांसकट माझं वजन साडेचार किलो. तिचं मनगट भरून यायचं, पण खाली ठेवायची नाही. आई तिला धडे द्यायची : आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. राख उडते, म्हणून झाकण कापडावर उघडायचं नाही. आणि रक्ताचा डाग असेल तर थंड पाणी आणि मीठ, आधी डाग काढायचा, मगच इस्त्री. रक्तावर गरम इस्त्री फिरली की डाग पक्का होतो आणि मग तो जन्मात निघत नाही. अकराव्या वर्षी फुंकणीने हीच चूक केली. कोणाच्या तरी मुलाचा घोळणा फुटला होता, त्याच्या सदऱ्यावर तिने मला तशीच फिरवली. आईने रागावून तो सदरा परत दिलाच नाही. मुलाला नवा शिवून दिला आणि डागाळलेला टेबलासमोर खिळ्याला टांगला. "रोज बघ त्याच्याकडे," म्हणाली. फुंकणीने रोज बघितलं. ती चूक तिच्या हातून पुन्हा झाली नाही. हे ध्यानात ठेवा, मित्रांनो.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा सरकारी गाड्या घरोघरचं लोखंड गोळा करत फिरू लागल्या. रणगाडे करायचे होते म्हणे. आमच्या दाराशी एक अधिकारी आला. आईने लोखंडी घंगाळ दिलं, जुन्या खिडकीचे गज दिले. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. फुंकणी तेव्हा बारा वर्षांची होती आणि मी तिच्या हातात, तापलेली.

"ही पण टाक गाडीत," अधिकारी म्हणाला.

"टाकते की," ती म्हणाली. "पण हा सदरा तुमचाच आहे, साहेब. अर्धाच झालाय. सदरा असाच नेता का?"

त्याने सदऱ्याकडे पाहिलं. एक बाही कडक, दुसरी चुरगळलेली. "पुढच्या खेपेला बघू," असं पुटपुटून तो गेला आणि पुन्हा काही आला नाही. फुंकणी त्या दिवशी एक गोष्ट शिकली : जगाला हुकूम सोडणाऱ्यांनाही सदरा कोणीतरी इस्त्री करून द्यावा लागतो.

युद्ध संपलं. वर्तमानपत्रांत नवीन नकाशे आले, नवे झेंडे आले. आमच्याकडे लष्करी सरकार आलं आणि प्रत्येक दुकानात एकाच माणसाची तसबीर लागली. आमच्या भिंतीवर जागा नव्हती, कारण तिथे तो डागाळलेला सदरा होता. कोणी विचारलं तर फुंकणी सांगायची, "इथे शिकवणी चालते." तिचं लग्न बंदरावरच्या एका हमालाशी झालं. माणूस मोठा हसरा. दोन माणसांचं पोतं एकटा उचलायचा आणि घरी आल्यावर मात्र मला उचलताना "अगं आई गं!" करून बायकोला हसवायचा. त्यांना एक मुलगी झाली. मला वाटलं, आता सुखाने झिजायला हरकत नाही.

फुंकणी तिशीत आली त्या वर्षी बंदरावरच्या हमालांनी काम थांबवलं. चौदा तासांची पाळी नको, आठ तासांची द्या, एवढीच मागणी होती. तिसऱ्या दिवशी बंदराचा कप्तान कुठल्यातरी समारंभातून थेट तिथे आला. अंगात पांढराशुभ्र गणवेश, हातात लोखंडी टोकाची छडी. त्याने सात जणांना गोदामाच्या भिंतीशी उभं केलं आणि शिपायांना न सांगता स्वतःच्या हाताने मारलं. दोघं दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. फुंकणीच्या नवऱ्याचा डावा कोपर फुटला. हात राहिला, पण कामातून गेला.

दुसऱ्याच दिवशी कप्तानाचा शिपाई आमच्या दारात गाठोडं घेऊन उभा. गाठोड्यात तोच पांढरा कोट.

"परवा संचलन आहे," तो म्हणाला. "उजव्या बाहीवर शाईचे डाग पडलेत. काढून, कडक करून ठेव."

फुंकणीने बाही उजेडात धरली. चार ठिपके होते. "शाई अशी असते होय?" तिने विचारलं. शिपायाने खाली पाहिलं आणि तो निघून गेला.

ते रक्त कोणाचं होतं हे कळायला मार्ग नव्हता. सातांपैकी कोणाचंही असेल. आईने सवयीप्रमाणे बादलीत थंड पाणी ओतलं आणि मीठ टाकलं. फुंकणीने बादली पायाने बाजूला सारली, मला उचललं आणि जमिनीकडे टोक करून दोनदा झुलवलं, निखारे फुलवायला ती नेहमी करायची तसं.

"अगं, आधी पाणी!" आई ओरडली.

"माहीत आहे, आई."

"डाग पक्का होईल गं!"

"तेही माहीत आहे."

तिने मला पहिल्या ठिपक्यावर टेकवलं आणि दाबून धरलं. मग दुसऱ्यावर. मी वीस वर्षं त्या हातात होते, मला त्याची नस न् नस ठाऊक. हात जराही थरथरला नाही, हे मी शपथेवर सांगितलं असतं. न्यायालयात मला कोणी विचारलं नाही, एवढंच. चारही ठिपके तांबूस होते ते गडद तपकिरी झाले. मग तिने उरलेला कोट असा केला, की माशी बसली तर घसरावी. बिनसुरकुतीची पाठ, कडक कॉलर, आणि बाहीवर चार डाग.

कोट गेला तो संचलनाच्या दिवशी सकाळी, अगदी वेळेवर. कप्तानाला डाग दिसले तेव्हा बदलायला वेळ नव्हता. दिवसभर तो उजवा हात पाठीमागे लपवत राहिला म्हणतात. पण संचलनात सलाम ठोकावाच लागतो आणि तो उजव्या हातानेच ठोकतात. हात कपाळाशी गेला, बाही उन्हात आली आणि भर मैदानात हजारो लोकांनी ते चार डाग पाहिले. बंदरावरच्या एका म्हाताऱ्या हमालाने, मेलेल्यांना मान द्यावा तशी, डोक्यावरची टोपी काढली आणि मग त्याच्या शेजाऱ्याने काढली, आणि पाहता पाहता सगळ्या मैदानाने काढली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आलं. दुपारी आमच्या दारात गाडी आली. फुंकणीला नेलं आणि मलाही.

न्यायाधीश तसा वाईट नव्हता. प्रकरण वाढू नये असं त्याला वाटत होतं, सरकारलाही वाटत होतं. त्याने मऊ आवाजात सांगितलं, "बाई, कामाच्या घाईत चूक झाली असं लिहून दे. ताकीद देऊन सोडतो."

नवरा हात गळ्यात बांधून समोर बसला होता. तो कळवळून म्हणाला, "म्हण ना चूक झाली! माझा हात गेला, आता तूही जातेस का? पोरीकडे तरी बघ."

त्याचं काय चुकलं? मला आजही त्याचा राग येत नाही. फुंकणीने मुलीकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. मग ती न्यायाधीशाकडे वळली.

"साहेब, ही चूक मी अकरा वर्षांची असताना केली होती. तो सदरा आमच्या भिंतीवर टांगलेला आहे, माणूस पाठवून बघा. आता मला तीस वर्षं झाली. अशी चूक माझ्या हातून होत नाही. हे मी मुद्दाम केलं."

तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. माझी शिक्षा लांबली, ती सतरा वर्षांची. माझ्या मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली : 'लोखंडी इस्त्री, एक नग.' आणि पोलीस ठाण्यामागच्या मुद्देमालाच्या खोलीत फळीवर ठेवली. पुराव्याच्या वस्तू ठेवायची ती खोली. माझ्या एका बाजूला कोणाची तरी मोडकी सायकल, दुसऱ्या बाजूला खुंटीवर तोच पांढरा कोट. चोराला आणि सावाला एकाच कोठडीत डांबावं तसे आम्ही दोघं.

फुंकणी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर. कारकुनाने एक छापील कागद पुढे केला. 'माझ्या हातून अनवधानाने झालेल्या कृत्याबद्दल…' अशी सुरुवात होती. सही केली की वस्तू परत. तिने वाचलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"हे माझं नाही. माझा कागद आणा, मग सही करते."

"अहो बाई, एका इस्त्रीसाठी कशाला डोकं फिरवता? बाजारात विजेच्या मिळतात आता."

"इस्त्रीसाठी नाही हो," ती म्हणाली. "मला घरी जायची घाई आहे, पण खोटं लिहून नाही जाणार."

ती दर तीन महिन्यांनी येत राहिली. घर तर चालवायचंच होतं. ती दुसऱ्यांच्या दुकानात, दुसऱ्यांच्या इस्त्र्यांवर राबत होती, नवरा एका हाताने कपडे पोचवत होता. खिडकीतून मला तिचा आवाज तेवढा ऐकू यायचा. कारकून बदलले. पहिला निवृत्त झाला, दुसऱ्याची बदली झाली, तिसरा तिला चहा पाजायचा पण कागद तोच. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा हवालदाराने खिडकीत रेडिओ ठेवला होता. सगळं ठाणं कान लावून बसलं होतं आणि मला वाटलं, एवढ्या लांब माणूस जाऊन परत येतो, मग मला या खोलीतून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाता येऊ नये? माझ्या तळावर गंज चढला. कोंबडा हिरवा पडला. मला स्वतःची कीव येऊ लागली होती आणि तेवढ्यात बाहेर तिचा आवाज आला, "माझा कागद आला का?" कीव जागच्या जागी संपली.

शेवटी एक दिवस त्या माणसाची तसबीर ठाण्याच्या भिंतीवरून उतरली. सरकार गेलं, लोक रस्त्यांवर नाचले. दोन महिन्यांनी फुंकणी आली तेव्हा टेबलामागे एक नवी, तरुण कारकून मुलगी होती. तिने फाईल उघडली, वाचली आणि विचारलं, "कारणाच्या रकान्यात काय लिहू, मावशी?"

"मुद्दाम केलं, असं लिही."

मुलीने तसं लिहिलं. फुंकणीने सही केली. सतरा वर्षांनी मी तिच्या हातात आले आणि मित्रांनो, लोखंडालाही रडू येतं हे मला त्या दिवशी कळलं. घरी तिने राखेने माझा गंज काढला, तळावर मेण फिरवलं, आणि नवऱ्याने चांगल्या हाताने पंखा घेऊन निखारे फुलवले.

"काय गं," तो म्हणाला, "मी त्या दिवशी चूक म्हण म्हणालो, त्याचा राग आहे का अजून?"

"आहे की," ती हसत म्हणाली. "वारा घाल नीट."

पुढची तीस वर्षं आम्ही काम केलं. तेलाची टंचाई झाली, वीज तासन्तास जायची, तेव्हा विजेच्या इस्त्रीवाले आमच्या दारात रांग लावायचे. दूरच्या देशातली एक मोठी भिंत लोकांनी पाडली, ती बातमी छापलेल्या कागदात आम्ही कपडे बांधून दिले. घराघरांत संगणक आले, खिशाखिशांत फोन आले. कपड्यांना मात्र सुरकुत्या पडायच्या त्या पडतच होत्या. नवरा गेला. फुंकणीचं मनगट थकलं. वयाच्या नव्वदीला टेकली तेव्हा संग्रहालयाची माणसं आली. कोट त्यांच्याकडे होता, त्यांना मी हवी होते. "सगळी हकीकत लिहू आजी," असं ते म्हणाले. तिने विश्वासाने मला दिलं.

उद्घाटनाला ती लेकीचा हात धरून आली. चष्मा पुसून पाटी वाचली. मग तशीच कार्यालयात गेली. दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं.

"आजी, समजून घ्या," संग्रहालयाचे अधिकारी म्हणाले. "कप्तानांचे नातेवाईक आहेत अजून. उगाच भावना दुखावतात. शब्द जरा सौम्य ठेवलाय, इतकंच."

"माझ्या नवऱ्याचा कोपर दुखावला होता, तो सौम्य होता का?" ती म्हणाली. "आणि हे अननुभवी कोण? मी? शब्द बदला."

"त्याला समिती लागते."

"मग बोलवा समिती. तोवर मी बसते."

आणि ती खरंच बसली. दर सोमवारी घडीचं स्टूल घेऊन यायची आणि माझ्या काचेशेजारी ठाण मांडायची. पहारेकरी पन्नाशीचा, साधा माणूस. त्याने हात जोडले, "आजी, प्रदर्शनातल्या वस्तूजवळ बसायला मनाई आहे हो."

"मग मलाही वस्तूच समज. या कोटापेक्षा तर मी वयाने थोरलीच आहे."

तो हसला आणि त्याने तिला पाणी आणून दिलं. शाळा आली की ती पाटीवर काठी आपटून सांगायची, "हे खोटं आहे. मी सांगते ते लिहून घ्या." अडीच वर्षं तिने सांगितलं. पहारेकरी दाराशी उभा राहून ऐकायचा. समिती काही बसली नाही.

मग ती महासाथ आली. साऱ्या जगाने तोंडं बांधली, दारं लावली. संग्रहालय बंद झालं आणि मी वर्षभर अंधारात बसले. दारं उघडली त्या पहिल्या सोमवारी मी वाट पाहिली. ती आली नाही. लेक आली आणि पहारेकऱ्याला सांगून गेली, की आई गेली, झोपेत, त्रास झाला नाही. लेक परत जाताना माझ्यासमोर थांबली आणि काचेवर हात ठेवून उभी राहिली. पाटी तशीच होती.

गेल्या आठवड्यात तुमच्यासारखीच एक शाळा आली. एका मुलीने पाटी वाचली, कोटाकडे पाहिलं आणि वही मिटून विचारलं, "पण डाग दिसत असताना कोणी त्याच्यावर इस्त्री का फिरवेल?"

बाईंनी पाटी पुन्हा वाचली. दाराशी उभा असलेला पहारेकरी खाकरला. त्याने कार्यालयाच्या दाराकडे पाहिलं. मग तो चार पावलं पुढे आला.

"चुकून नाही, बाळ. मुद्दाम," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. बंदर, सात माणसं, थंड पाण्याची बादली, मैदानातल्या टोप्या. नवऱ्याचा उजवा हात गेला असं म्हणाला, तो डावा होता. बाकी अक्षर न् अक्षर बरोबर. मुलं भराभर लिहून घेत होती. तेवढ्यात अधिकारी बाहेर आले.

"काय सांगताय तुम्ही मुलांना?"

वीस वर्षं खाली मान घालून 'हो साहेब' म्हणणारा तो माणूस.  पण त्या दिवशी मान खाली गेली नाही.

"पाटीवर चुकलंय, साहेब. तेवढं दुरुस्त करतोय."

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. माझं तसं काही मागणं नाही. मला गंज चढला तर चढू दे. तुम्ही इथून बाहेर पडाल तेव्हा भेटेल त्याला एवढंच सांगा, की ती चूक नव्हती. तिला तिचं काम फार चांगलं येत होतं.